पल्याडचा चोर

सकाळी तोंडात पाणी घ्यायच्या आधी मामी रानातलं एक ढेकूळ उचलायची, नदीच्या कडेला जाऊन उभी राहायची आणि अंगातला सगळा जोर लावून ते पल्याड भिरकावायची. "घे रं चोरा! एवढं ऱ्हायलं व्हतं." ढेकूळ कधीच पल्याड पोचलं नाही. भीमा म्हणजे काय गावचा ओढा आहे का? ते मधल्या पाण्यात पडायचं. पण मामीचं समाधान व्हायचं. मग ती चूळ भरायची, आणि ती चूळसुद्धा पल्याडच्याच दिशेनं थुंकायची.

आमच्याकडं नदी ही नुसती नदी नाही, तालुक्याची हद्द आहे. अल्याड शिरूर, पल्याड दौंड. आमच्या गावापाशी ती विळ्यासारखी वळते आणि मामीचं रान नेमकं त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला होतं. पावसाळ्यात पाणी सरळ येऊन तिच्या काठावर आदळायचं. वरून काही दिसत नाही हो. पाणी खाली बुडी मारतं आणि काठाचा पाया पोखरतं. वर बाभळ उभी, गवत हिरवंगार, बांधावर शेळी चरतीय, आणि एखाद्या दुपारी ते सगळं शेळीसकट खाली जातं. समोर दौंडच्या अंगाला मात्र उलटं. दर पुरानंतर तिथं वाळूचा आणि गाळाचा ढीग वाढलेला. इकडं घटतंय, तिकडं वाढतंय. डोळे असलेला कुणीही काय म्हणेल? इथलं गेलं ते तिथं गेलं. अख्खं गाव तेच म्हणायचं. मीही तेच म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

माझं फाट्यावर मोटर रिवायंडिंगचं दुकान. बुद्धविहाराच्या कमानीला लागून. दोन्ही थडीच्या मोटरी माझ्याकडंच यायच्या आणि मोटर बघून मी सांगायचो कुठल्या काठाची आहे. पल्याडच्या मोटरीचा पंखा वाळूनं घासून पातळ झालेला असायचा. मामीची मोटर यायची ती चिखलात लोळलेली, कारण काठ गेला की मोटर पण जायची आणि मग दोर लावून बाहेर काढावी लागायची. दोर ओढायला मामी स्वतः. दोन गड्यांना आवरत नसे ते ती एकटी ओढायची आणि वर गड्यांना शिव्या.

उंच, हाडापेराची बाई. नात्यानं माझी कुणी नाही, अख्खं गावच तिला मामी म्हणायचं. कायम हिरवं लुगडं, पदर कमरेला घट्ट खोचलेला. हाताचा पंजा असा की थोबाडीत बसली तर माणसानं आधी तालुका विसरावा, मग गाव. एकदा वायरमन तिचं कनेक्शन तोडायला खांबावर चढला. मामी खाली विळा घेऊन बसली. म्हणाली, "तोड. मंग उतर." तो दुपारपर्यंत वर. शेवटी मीच मध्ये पडलो. एकदा तलाठी म्हणाला, मामी, जमीन वाहून गेली तरी सातबाऱ्यावर तुमचीच राहते, जिवाला घोर लावू नका. तिनं त्याची कॉलर धरली, काठावर नेलं आणि पाण्याकडं बोट दाखवलं. "हितं हाय माझा सातबारा. बस त्याच्यावर." गुडघाभर पाण्यात उतरवला त्याला, पँट-बुटासकट. आम्ही हसलो, पण लांबून.

मामा रेल्वेत होते, दौंडला. शंटिंगचं काम, कॉलनीत क्वार्टर. सुट्टीला गावी यायचे. शेळीइतका गरीब माणूस. मामी त्यांना दारात थांबवून पाय धुवायला लावायची. दौंडची माती घरात नको म्हणायची. मामा मुकाट पाय धुवायचे आणि हळूच म्हणायचे, भाकरी दौंडचीच खातीस की. ते हळूच म्हणायचे, कारण तांब्या तिच्या हातात असायचा.

आता पल्याडचे आबा. तो माणूस काही साधा नव्हता बरं का. त्यांच्या रानापुढं दरवर्षी वाळू-गाळाची मळई वाढायची आणि उन्हाळ्यात ते तिच्यावर कलिंगडं लावायचे. मामी नदीवर धुणं घेऊन आली की ते मुद्दाम एक कलिंगड काठावर आणायचे, दगडावर फोडायचे आणि कोपरापर्यंत रस गाळत खायचे. कधी एकेरीवर यायचे नाहीत, कधी शिवी नाही. अगदी अदबीनं हाळी द्यायचे, "मामी, तुमच्या रानातलं कलिंगड लई ग्वाड निगालं बरं का!" ह्या अदबीनंच मामीचं रक्त जास्त उकळायचं. मग अल्याडून दगड सुटायचे, आणि उन्हाळ्यात पात्र आटलेलं असल्यामुळं ते पोचायचेही. एकदा त्यांची दुधाची कासंडी चेपली, एकदा म्हशीचं शिंग मोडलं. आबा हसायचे. त्यांनाही मनापासून वाटायचं की आपण मामीचंच रान खातोय, आणि त्याची त्यांना मजा वाटायची.

पावसाळ्याच्या तोंडाला मामी काठ बांधायची. खताची रिकामी पोती घ्यायची, त्यात आपल्याच रानातली माती भरायची, जुन्या लुगड्याच्या हिरव्या चिंध्यांनी तोंडं आवळायची आणि काठाच्या पायाशी रचायची. ती गाठ तिची खास होती, दुहेरी पिळाची. कापल्याशिवाय सुटायची नाही. पहिल्या मोठ्या पाण्याला सगळी पोती गायब. पाणी उतरलं की मामी नदी ओलांडून आबांच्या मळईवर पोती हुडकायला जायची. आबा मागं मागं. इथं उकरा, तिथं बघा, माझ्या खिशात बघा. एक पोतं कधी सापडलं नाही. दुसऱ्या कुणी विचार केला असता की बाबा, इथं नाही म्हणजे आलंच नसेल. मामीनं काय काढावं? "जाळतोय त्यो पोती. माती ठिवून घेतो आन् पोती जाळतो." ह्यावर काय बोलणार, सांगा.

हे असंच चालत राहिलं असतं. पण मग शिक्रापूरकडं कंपन्या वाढल्या, कामगारांसाठी खोल्यांवर खोल्या चढायला लागल्या आणि सगळ्यांना वाळू पाहिजे झाली. एका ठेकेदारानं आबांच्या मळईपुढं बोटी लावल्या. ट्रॅक्टरांची रांग लागली. मामी काठावर बसून बघायची. ढेकूळ फेकणं बंद झालं होतं. मला म्हणाली, पयलं चोरून खात व्हता, आता माझं रान बाजारात न्हेतोय. तिचा आवाज चढला नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

उन्हाळ्याची दुपार. मी आबांच्या मोटरीचा गाळात रुतलेला पाइप सोडवत होतो. मामी पाण्यातून चालत आली. पाणी गुडघ्याएवढंच होतं. शिवी नाही, हाळी नाही. माझ्या शेजारी पडलेला लोखंडी पाइपचा तुकडा तिनं उचलला आणि पहिल्यांदा ट्रॅक्टरचे दिवे फोडले. मग जाळी. मग ड्रायव्हर उडी मारून पळाला. आबा धावत आले आणि सवयीनं बोलून गेले, "मामी, तुमचंच रान हाय ट्रॉलीत. बसा वर, घरी सोडतो."

मामी वळली आणि तिनं पाइप त्यांच्या नडगीवर हाणला. आबा पडले. पडल्यावर आणखी एक. आवाज मी ऐकला, तो अजून माझ्या कानात आहे. हाड बाहेर आलं, वाळू लाल झाली. मी मामीला मागून मिठी मारली तर तिनं मला पोत्यासारखा फेकला, भुवईपाशी फुटलं माझं. मग ती तिथंच वाळूत बसली.

"मोडला?" तिनं विचारलं.

मोडला, म्हटलं.

"बरं झालं," म्हणाली.

पुढं पोलिसांची गंमत झाली. गंमत म्हणायला जीभ रेटत नाही, पण झाली. शिरूरचे म्हणाले, मळई दौंडची, आमच्याकडं येत नाही. दौंडचे म्हणाले, बाई शिरूरची. हद्द म्हणे नदीच्या मधोमध, आणि ही नदी तर दरसाल कूस बदलते. दोन्हीकडचे शिपाई टेप घेऊन पाण्यात उतरले. शेवटी दौंडनं तिला नेलं. काही दिवसांनी जामीन झाला, केस तारखांवर लोंबकळत राहिली.

आबांना दौंडच्या दवाखान्यात ठेवलं होतं, पायात सळई घातली होती. मामा रोज ड्यूटी संपली की त्यांना डबा न्यायचे. हातानं भाकरी थापायचे. जामीन झाल्यावर मामी क्वार्टरवर गेली तेव्हा तिला हे समजलं. तिनं तो भरलेला डबा दारातून बाहेर भिरकावला. मामांनी तो उचलला, पुसला, परत भरला. आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा तिच्या डोळ्यात बघून म्हणाले, "मोडायचं काम तू केलंस. आता माझं काम मला करू दे." मामीनं त्यांना दार मोकळं करून दिलं. हे मला मामांनीच सांगितलं, आणि सांगताना ते स्वतःच घाबरले होते.

आता माझं. आमच्या वडिलांच्या नावावर नदीकाठची एक पड जमीन होती. मामीच्या रानाच्या खालच्या अंगाला, आमच्याच थडीला, जिथं नदी पुढं उलट्या बाजूला वळते तिथं. माझ्या लहानपणी नुसता दगडगोटा. हळूहळू त्यावर गाळ बसायला लागला, दोन वीत, चार वीत. आम्ही वांगी लावली. वांगी अशी आली की गावाच्या पोटात दुखायला लागलं. आमच्यासारख्यांच्या हातात काळी माती आली की काही लोकांना आधीच झोप येत नाही.

आबांचा पाय मोडला त्याच्या दुसऱ्या वर्षी मी तिथं मोटर बसवायला खड्डा घेत होतो. कुदळ कशात तरी अडकली. ओढलं तर खताचं पोतं. माती अजून आत, आणि तोंडाला हिरवी चिंधी, दुहेरी पिळाची गाठ. त्याच्या खाली दुसरं. शेजारी आणखी. मी जिथं उकरीन तिथं पोतं, गाळाच्या थराथरात, वर्षावर्षाची निजलेली. मी कुदळ टाकून खाली बसलो.

बायको म्हणाली, परत पुरून टाका. तिचं चुकत नव्हतं. मामी पाइप घेऊन आली तर? चार माणसं जमवून म्हणाली, माती माझी तर रान माझं, तर आमच्या बाजूनं कोण उभं राहणार होतं? पण पल्याड एक माणूस लंगडत होता. मी मामीला बोलावून आणलं.

ती खड्ड्यात उतरली. गाठ हातानं चाचपली, दातानं ओढून बघितली. मग विळ्यानं कापली आणि माती नाकाशी नेली. कितीतरी वेळ ती वरच्या वळणाकडं बघत होती. मला जेवढं उमगलं तेवढं मी सांगितलं. पाणी तुझ्या काठाला धडकतं, खाली जाऊन पाया खातं, पण तुझी माती घेऊन नदी ओलांडत नाही गं. ती आपल्याच थडीनं खाली सरकते आणि इथं नदीनं कूस बदलली की टाकून देते. आबांच्या पुढं जी वाळू येते ती त्यांच्याच अंगाच्या वरच्या वळणाची. तिकडं वर कुणातरी दौंडवाल्याचं रान जात असेल, ते आबांकडं येतं. तुझ्याकडचं तिकडं कधी गेलंच नाही.

मामी ऐकून घेत होती. मला वाटलं, आता ती माझ्या वांग्यांकडं बघणार. तिनं ढुंकून बघितलं नाही.

"मंग त्याचा पाय?" ती म्हणाली.

तिनं पोत्याचं तोंड परत बांधलं, तीच गाठ मारली, आणि खड्ड्यातून वर येताना म्हणाली, "रान तुझं हाय. मी दिलं न्हाई, नदीनं दिलंय. खा."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बरोबर घेतलं आणि आम्ही पल्याड गेलो. आबा दारात बाजेवर होते, काठी शेजारी. सून आत पळाली. मामी पुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, तुमच्याकडं माझं कायबी न्हवतं," ती म्हणाली. त्यांना तिनं आबा म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

मी पोत्यांचं सांगितलं. आबा आधी हसले. मग हळूहळू त्यांचं तोंड उतरलं. इतकी वर्षं ज्याची फुशारकी मारली, ज्याच्यापायी पाय गेला, ते त्यांच्याकडं नव्हतंच. "मंग मी खाल्लं कुणाचं?" असं काहीतरी ते पुटपुटले.

मामीनं उजवा पाय बाजेच्या लाकडावर ठेवला आणि लुगडं नडगीवरनं वर घेतलं.

"हाणा," म्हणाली.

आबा म्हणाले, मामी, येड लागलं का तुम्हाला. ती म्हणाली, हाणा, न्हाईतर तुमचा दुसरा मोडीन. आबांनी काठी उचलून नुसती टेकवली. मामी म्हणाली, अशानं माशी मरत न्हाई. मी मध्ये जायला लागलो तर तिनं माझ्याकडं असं बघितलं की पाय जागच्या जागी थांबले.

आणि मग आबांनी हाणली. दया म्हणून नाही, मान राखायला म्हणून नाही. वर्षभर जे सोसलं होतं, दवाखान्यातल्या रात्री, सळई, परसाकडला जाताना सुनेचा खांदा, ते सगळं त्या काठीत आलं. काठी मोडली. मामी भिंतीवर कोसळली. ओठ रक्त येईपर्यंत चावला पण तोंडातून आवाज काढला नाही. आबांनी हातातलं अर्धं लाकूड फेकून दिलं आणि सुनेला हळद आणि तेल आणायला ओरडले. ओरडता ओरडता रडायला लागले.

मामी दवाखान्यात गेली नाही. निमोण्याच्या बाजूच्या एका हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. हाड वाकडं बसलं आणि ती कायमची लंगडी झाली. कोर्टात आबांनी सांगितलं, मी घसरून पडलो होतो. वकिलानं कपाळाला हात लावला. गावात कुणी काही विचारलं की मामी म्हणायची, आमचं आम्ही बघून घेतलंय.

खरं सांगू का, त्यानंतर मामी थकली. पल्याड चोर होता तोवर तिला उठायला कारण होतं. आता भांडायला माणूस उरला नाही. मग तिनं नदीच धरली. काठावर बसून पाण्यावर काठी आपटायची, नदीला आईबहिणीवरून बोलायची. आबांनी बोटी बंद करायला लावल्या, त्यापायी ठेकेदाराच्या पोरांचा मार खाल्ला. पावसाच्या आधी ते आपल्या मळईवरची वाळू पोत्यांत भरून, पुलावरून लांबचा वळसा घालून, ट्रॅक्टरनं मामीकडं पाठवायचे. मामी ती पोती काठाला लावायची. नदी ती पोतीही न्यायची. काठ घराच्या जवळ जवळ येत चालला होता.

ज्या वर्षी धरणाचं पाणी सोडलं आणि वरून पाऊसही थांबेना, त्या वर्षी सगळ्यांनी तिला सांगितलं की घर सोड. मामा दौंडहून आले होते. भर दुपारी आम्ही बघतो तर मामी कडेवर उभी राहून पोती खाली ढकलतीय. लंगडत जायची, पोतं कवटाळून आणायची, ढकलायची, शिवी द्यायची. पाणी एवढं गरजत होतं की शिवी ऐकू येत नव्हती, नुसतं तोंड हलताना दिसायचं. मग मला तिच्या मागं रानात भेग दिसली. बोटभर रुंद, सरळ. भेगेच्या अलीकडं आम्ही, पलीकडं ती. मी ओरडलो. मामा पळाले. तिला काय वाटलं कोण जाणे, मामांना रागवायला म्हणून ती वळली, हात वर करून त्यांना लांब राहायला सांगितलं, आणि तो सगळा तुकडा तिला उभीच्या उभी घेऊन खाली गेला. मामांना आम्ही तिघांनी धरून ठेवलं.

दोन्ही तालुक्यांचे पोलीस आले. होडी आली. सगळे पल्याड मळईवर शोधत होते, धारेला लागलेलं माणूस पल्याडच लागणार असं जो तो सांगत होता. संध्याकाळी आबा पुलाचा वळसा घालून आले. ट्रॅक्टरवरून त्यांना उतरवावं लागलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तिकडं काय बघताय?" ते म्हणाले. "तुझ्या रानात बघ."

मला ते दुपारपासून माहीत होतं. पाय वळत नव्हते.

सकाळी पाणी उतरलं तेव्हा ती वांग्यांच्या सरीत होती. कमरेपर्यंत गाळात, हिरवं लुगडं चिखलानं काळं झालेलं. मामा तिच्या पायाशी उभे राहिले. आबांचा पाय वाकत नव्हता, म्हणून ते तो सरळ पसरून तिच्याजवळ चिखलातच बसले आणि धोतराच्या सोग्यानं तिच्या तोंडावरचा गाळ पुसायला लागले. जन्मभर अदबीनं बोललेला माणूस पहिल्यांदा एकेरीवर आला.

"ऊठ की गं सटवे," ते म्हणाले. "ऊठ. चोर म्हण मला."

पोलीस घाई करत होते, पंचनामा व्हायचा होता. मामांनी हातानंच त्यांना थांबायला सांगितलं.